उपवासकाळाची ओवी

व्रतांचा आणि उत्सवांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तिथी, विधी आणि दैवत या तीन गोष्टींवर खिळून राहते. ते व्रत लोकांनी कोणत्या भाषेत ऐकले, हा चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एकादशीच्या बाबतीत तो विचारण्याचे कारण पडत नाही, कारण तिची भाषा आपल्या कानांत आईच्या ओवीपासून बसलेली असते. परंतु बाहेरून आलेल्या धर्माबरोबर एखादे व्रत मराठी मुलखात येते, तेव्हा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ आणि त्याच्या शेवटी येणारा ईस्टरचा सण यांच्या मराठी इतिहासाकडे प्रस्तुत लेखात याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

वाचकांपैकी अनेकांना या सणाची ओळख शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीपुरतीच असेल, म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. राखेच्या बुधवारी भाविकाच्या कपाळाला राख लावली जाते आणि तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, याची त्याला आठवण दिली जाते. तेथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे अनुकरण होय. दिनदर्शिका काढून कोणी दिवस मोजील तर ते शेहेचाळीस भरतील; परंतु मधले सहा रविवार उपवासाचे धरले जात नाहीत. शेवटच्या आठवड्याचा आरंभ झावळ्यांच्या रविवारी होतो. गुरुवारी शेवटच्या भोजनाचे स्मरण, शुक्रवारी क्रूसावरील मरणाचे, आणि रविवारी पुनरुत्थानाचा आनंद, असा हा क्रम आहे.

या सणाची तिथी आपल्या पंचांगाला जितकी जवळची आहे तितकी नाताळची नाही. नाताळ सूर्याच्या गणनेवर ठरलेला, २५ डिसेंबरचा. ईस्टर मात्र चंद्र पाहून ठरतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा नियम असून त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो. (ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते आणि आकाशातल्या पौर्णिमेहून क्वचित एखाद्या दिवसाने ढळते.) आपल्या भाषेत सांगावयाचे तर ती पौर्णिमा कधी चैत्राची असते, तर कधी फाल्गुनाची. २०२३ साली ६ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे आला. २०२४ साली फाल्गुनी पौर्णिमा निमित्त झाली, आणि २४ मार्चला सकाळी झावळ्यांचा रविवार व संध्याकाळी होळी असा योग जुळून आला. एका चंद्रावर दोन समाज आपापली व्रते लावतात, हे भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात सांगण्यासारखे आहे.

आता भाषेकडे वळू. गोव्यात पोर्तुगीज सत्तेबरोबर हे व्रत आले तेव्हा त्याची उपासना लॅटिनमध्ये होती आणि अधिकाऱ्यांची भाषा पोर्तुगीज होती. कोंकणीने उपवासकाळासाठी पोर्तुगीज शब्दावरून ‘कोरेज्म’ आणि त्याआधीच्या मौजेच्या दिवसांसाठी ‘इंत्रूज’ हे शब्द घेतले. ईस्टरला ‘पास्क’ म्हटले. मराठीने मात्र त्याच पोर्तुगीजांकडून ‘नाताळ’ घेतला, ‘पाद्री’ घेतला, ‘पाव’ घेतला, पण ‘पास्क’ घेतला नाही. पुढे तीनशे वर्षांनी इंग्रजांकडून ‘ईस्टर’ घेतला. मला याचे कारण सोपे वाटते. नाताळाच्या दिव्यांचा आणि गोडाधोडाचा सण शेजाऱ्याला दिसतो, म्हणून त्याचे नाव शेजाऱ्याच्या तोंडी बसते. उपवास घरात असतो. ज्याने तो पाळला त्याच्या भाषेतच त्याचे नाव राहते.

साष्टी प्रांतातील नवख्रिस्ती लोकांपुढे नेमकी हीच अडचण होती. विधी त्यांच्या डोळ्यांसमोर होत, पण कानांना काही लाभत नव्हते. पूर्वी देवळाच्या ओसरीवर पुराण चाले, कथा चाले. धर्मांतराबरोबर ते सारे बंद झाले, बंद केले गेले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी ही अडचण एका संवादाच्या रूपाने मांडली आहे. एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथ त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल रचला गेला आहे.

स्टीफन्स हे इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्याचे. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्याला उतरले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य त्यांनी बहुतांशी साष्टीतच काढले. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेजुइटांची हत्या झाली, त्या अशांत काळाचे ते साक्षीदार होते. तलवारीच्या धाकाने आणलेला धर्म मनात रुजत नाही, हे त्यांना तेव्हा उमगले असेल असे मानण्यास जागा आहे. मात्र धाक संपावा यासाठी त्यांनी काही केले असे दिसत नाही. त्यांनी केले ते वेगळेच. पोथीच्या रिकाम्या जागी त्यांनी पोथीच ठेवली. ती ओवीत ठेवली, आणि मराठीत.

ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. एकनाथांना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती आणि तुकोबा लहान होते. आदिपुराणाचे छत्तीस आणि दुसऱ्या पुराणाचे एकोणसाठ अवस्वर, म्हणजे अध्याय, मिळून ओव्यांची संख्या १०,९६२ भरते. मराठीला मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा देणाऱ्या त्यातील ओव्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतात, आणि दुर्दैवाने बहुतेकांचे ख्रिस्तपुराण तेथेच संपते. भाषेच्या स्तुतीपेक्षा भाषेचा उपयोग मोठा आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’, प्रभूला ‘स्वामी’ आणि उद्धाराला ‘मोक्ष’ हे शब्द या ग्रंथाने निःशंकपणे वापरले. त्याच्या जोडीला ‘स्पिरितु सांतु’, ‘क्रुस’ असे पोर्तुगीज वळणाचे शब्दही ठेवले. जेथे गैरसमजाची भीती होती तेथे परका शब्द आणि जेथे जिव्हाळा हवा होता तेथे आपला, अशी ही निवड दिसते. ग्रंथाची मराठी शुद्ध नाही, तीत साष्टीच्या बोलीचे मिश्रण आहे. ते साध्या लोकांना कळावे म्हणून जाणून केले आहे असे स्टीफन्स यांनी स्वतःच सांगितले आहे. त्या मिश्रणाला नाक मुरडणाऱ्या पंडितांविषयी अधिक न लिहिलेले बरे.

रविवारी आणि सणावारी हे पुराण देवळांतून वाचले जाई. उपवासकाळात ख्रिस्ताच्या यातनांचा भाग ऐकणाऱ्या साष्टीच्या शेतकऱ्याला ही कथा यरुशलेममधली आहे, याचा अर्थबोध होत असला तरी ती परकी वाटत नसेल. ओवीचा ताल, श्रोत्यांना उद्देशून केलेली विनवणी, अध्यायाच्या शेवटी येणारा विसावा, हे सारे त्याच्या रक्तातले होते. श्रवण हा भक्तीचा पहिला प्रकार मानणाऱ्या समाजात उपवास नुसता पोटाने करून भागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडील काही लेखक ख्रिस्तपुराणाचा गौरव दोन संस्कृतींचा मधुर संगम म्हणून करतात. संगमाला दोन्ही प्रवाह मोकळे असावे लागतात. येथे आधी पुराणे हिरावून घेतली गेली आणि मग पुराण दिले गेले. देणारा हात कवीचा होता, हिरावणारा हात सत्तेचा. पण दोघांची इगर्जी एकच होती. ही गोष्ट ध्यानात ठेवूनही स्टीफन्स यांचे मोठेपण कमी होत नाही, असे माझे मत आहे. फादर एत्येन द ला क्रुआ यांचे सेंट पीटरवरील पुराण १६२९ साली निघाले. त्यात हिंदू कथांचे खंडन करण्याचा आवेश पुष्कळ आहे. स्टीफन्स यांच्या ग्रंथात सांगण्याची ओढ अधिक आणि भांडणाची कमी आहे.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांची इच्छा अपुरी राहिली. येथील भाषेतली पुस्तके येथील लिपीतच छापावीत, अशी विनंती त्यांनी १६०८ साली रोमला पाठविलेल्या पत्रात केली होती. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीचे काम चोवीस अक्षरांत भागते, तर आपल्या जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागणार होते. परिणामी मराठीतले हे पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून.

तो तसा जगावा लागला याचे कारण भाषेवर आलेले संकट. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७४५ साली आर्चबिशपाने त्यावर कडी केली. पोर्तुगीज येत नसेल त्याचे लग्न लागणार नाही, असे ठरविले. दरम्यान १७३६ साली धर्मसमीक्षण न्यायालयाच्या हुकुमाने लग्नातल्या ओव्या आणि अंगणातली तुळस हीही गुन्ह्यांच्या यादीत घातली. ज्या ओवीत शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ताची कथा सांगितली गेली, तीच ओवी लग्नघरात म्हणणे आता पाखंड ठरले. हा विरोधाभास साध्या नजरेने पाहिला तरी अंगावर येतो. फर्मानांचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. तीन वर्षे लोटली, तीनशे लोटली, आणि गोव्याचे लोक आपलीच भाषा बोलत राहिले.

गोव्याबाहेर, जेथे पोर्तुगीज अधिकाऱ्याचा हात पोहोचत नव्हता, तेथे हे वाचन घराच्या आश्रयाने टिकले. गोव्यातून कानडा जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांनी ख्रिस्तपुराणाच्या नकला आपल्याबरोबर नेल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पुढे जोसेफ साल्ढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली, आणि तिच्यामुळे महाराष्ट्राला आपलाच ग्रंथ पुन्हा सापडला.

उत्तर कोकणची हकीकत याहून कमी परिचित आहे आणि उपवासकाळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. फ्रान्सिस्कु व्हाज द गिमारांइश या लेखकाचे एक पुराण १६५९ सालचे म्हणून ओळखले जाते. त्याचे पोर्तुगीज नाव लांबलचक आहे. ‘प्रभू येशू ख्रिस्ताच्या अति दुःखद मरणाचे व यातनांचे निवेदन’ असा त्याचा भावार्थ. म्हणजे हा सबंध ग्रंथच उपवासकाळाचा. स्टीफन्स यांनी जगाच्या उत्पत्तीपासून आरंभ करून मोठा विस्तार मांडला. येथे सारा भर यातनांच्या कथेवर आहे. भाषाही ग्रांथिक मराठी नव्हे. ठाणे–वसई भागातील ख्रिस्ती लोकांच्या तोंडची ती बोली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, पाद्रीही मोजकेच उरले. पण बोलीतली ही पोथी उरली. १८४५ साली ती मुंबईत पुन्हा छापली गेली आणि मुंबई–ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन घरांतून उपवासकाळात वाचली जाई. श्रावणात आपल्याकडे घरोघरी पोथी लागते, तिचीच ही बहीण. आमच्या वाङ्मयेतिहासांतून या पोथीला दोन-चार ओळींहून अधिक जागा सहसा मिळत नाही. बोली अशुद्ध म्हणून मिळत नाही, की विषय ख्रिस्ती म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे.

१६५९ या सालाचा आणखी एक धागा आहे, आणि तो आपल्याला एकदम अमेरिकेत नेतो. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने त्याच वर्षी नाताळ व तत्सम सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवणारा कायदा केला. तो १६८१ साली रद्द झाला, तरी मनोवृत्ती पुष्कळ काळ टिकली. बायबलात नाही ते पाळू नये, असा त्या लोकांचा दंडक होता. याच भूमीतल्या बोस्टन शहरातील मंडळाने पाठविलेले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. मराठी प्रॉटेस्टंट समाजाचा मोठा भाग अशा गुरूंच्या हाताखाली घडला, की ज्यांच्या लेखी राखेचा बुधवार किंवा चाळीस दिवसांचा उपवास यांना काही स्थान नव्हते. अँग्लिकन मिशने होती, त्यांच्या प्रार्थनापुस्तकाबरोबर उपवासकाळही आला; पण तो त्या मंडळ्यांपुरता.

असे असूनही अहमदनगरच्या ख्रिस्ती समाजात यातनांची कथा कीर्तनातून उभी राहिली. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनांनी आणि अभंगांनी ती परंपरा समृद्ध केली. टिळकांना ‘ख्रिस्तायन’ पुरे करता आले नाही. १९१९ साली ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेऊन तडीस नेले, आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गुरूंनी व्रत नाकारले त्यांनी व्रताची वाणी पुन्हा ओवी–अभंगातच शोधावी, हे मला स्टीफन्स यांच्या ब्राह्मणाच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर वाटते. या वेळी मात्र प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच होता.

बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनीही या सणाला एक सुरेख शब्द दिला आहे. यहुदी लोकांच्या ज्या सणाच्या दिवसांत येशूचे मरण घडले, त्याला मराठी बायबल ‘वल्हांडण’ म्हणते. इस्राएलांची घरे ओलांडून मृत्युदूत पुढे गेला, त्या ‘ओलांडण्या’चा हा शब्द. तो संस्कृतातून घडविलेला नाही, इंग्रजीतून उचललेला नाही, आणि अर्थ मात्र मूळ हिब्रू कल्पनेला धरून आहे. उलट ‘गुड फ्रायडे’चे ‘उत्तम शुक्रवार’ हे भाषांतर फसलेले आहे. जुन्या इंग्रजीत ‘गुड’ या शब्दाला पवित्र असाही अर्थ होता. तो ध्यानात न घेता चांगला तो उत्तम असे केले गेले. गोव्याच्या लोकांनी त्याच दिवसाला ‘भागेवंत शुक्रार’ म्हटले. त्यांना इंग्रजी येत नव्हते हे एका परीने बरेच झाले.

या शब्दांचा विचार मला माळव्यात बसून करावा लागतो, आणि येथे त्याला वेगळे वळण मिळते. इंदूर ही होळकरांची राजधानी. येथे मराठी ग्रंथालये आहेत, मराठी नाटके होतात. १८७७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने येथे काम सुरू केले, १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज स्थापन झाले. परंतु मध्य भारतातील मिशनने लोकभाषा म्हणून हिंदी पत्करली. दरबार मराठी होता, प्रजा माळवी–हिंदी बोलणारी होती. मिशनऱ्यांनी प्रजेकडे पाहिले, यात त्यांचे काही चुकले नाही. १९५२ साली इंदूरला कॅथलिक धर्मप्रांत झाला, त्याचीही भाषा हिंदीच. आमच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत नाना प्रांतांतून आलेली माणसे काम करतात. त्यांची मुले शाळेत रजेचा अर्ज आणतात तेव्हा त्यावर ‘राख बुधवार’ आणि ‘पुण्य शुक्रवार’ असे लिहिलेले असते. ‘पुण्य’ हा शब्द आमच्या ‘उत्तम’पेक्षा कितीतरी नेमका आहे. आणि उपवासकाळाला हिंदी कॅथलिक ‘चालीसा’ म्हणतात. चाळीस चौपायांच्या हनुमानचालीशाने जे नाव उत्तर हिंदुस्थानात घरोघर पोहोचविले, तेच चाळीस दिवसांच्या व्रताला लाभले. मराठीत ‘उपवासकाळ’ आणि ‘प्रायश्चित्तकाळ’ हे शब्द आहेत. दोन्ही अर्थवाही, दोन्ही थोडे कोरडे. हिंदीने येथे आपल्यावर मात केली, हे मोकळेपणाने मान्य करावे.

गेल्या शतकात या व्रतात दोन मोठे बदल झाले. ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरणोपासना कित्येक शतके शनिवारी सकाळीच उरकली जाई. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली काढलेल्या आदेशाने १९५६ पासून ती सर्वत्र रात्री होऊ लागली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेत जागा दिली, आणि १९६६ साली सक्तीचा उपवास राखेचा बुधवार व गुड फ्रायडे एवढ्या दोन दिवसांवर आला. पोटाचा नियम सैल झाला आणि त्याच काळात कानाला भाषा मिळाली. वसईच्या इगर्जींतून आज यातनांचे वाचन मराठीत होते. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती पुण्याहून प्रसिद्ध केली तीही १९५६ सालीच. तत्पूर्वी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले होते, पण छापलेले देवनागरी ख्रिस्तपुराण मराठी वाचकाच्या हाती तेव्हाच प्रथम पडले. १९९६ साली कारिदाद द्रागो यांची संपादित आवृत्ती निघाली. सहाशे खिळ्यांसाठी राचोलहून रोमला पत्र गेले, त्याला बंडेलूंच्या वेळी ३४८ वर्षे झाली होती. शाळा–महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून यांपैकी एखादी आवृत्ती असते. मोगरा–कस्तुरीचे पान सोडून पुढची पाने बहुधा न उघडलेली असतात. दुसऱ्या पुराणातील यातनांचा भाग फाल्गुन–चैत्राच्या दिवसांत वर्गात मोठ्याने वाचून पाहावा. मुलांना अर्थ थोडा अडतो, चाल अडत नाही.